विलासभाऊंच्या नावाची चौपाटी

परवा विलासभाऊंना घाटावर पोचवून आलो, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. दुःख आहेच... पण त्याहून जास्त संताप आहे, म्हणून लिहितोय.

भाऊ मूळचे पत्रकार. नागपूरच्या एका पेपरात ते उपसंपादक होते आणि मी इकडे साकोली तालुक्यात नवखा वार्ताहर. माझ्या बातमीत 'ग्रामस्थांमध्ये आनंदाचे वातावरण' असं दिसलं की फोन यायचाच... "किती जणांना विचारलंस बे?"

पुढे परीक्षा देऊन ते नायब तहसीलदार झाले आणि फिरत फिरत आमच्याच भागात आले. खुर्ची बदलली, पण प्रश्न विचारायची खोड काही गेली नाही.

आणि जॅझचं वेड! पेपरात असताना कुणीतरी कॅसेट दिली आणि माणूस कामातून गेला. सानगडीच्या बाजारात वांगी निवडतानाही तोंडाने सॅक्सोफोन चालू... भाजीवाली बाई एकदा काळजीने म्हणाली, "साहेबाचा दात दुखून राहिला काय?"

यात तुम्हाला एवढं सापडतं काय, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "एक जण वाजवतो तेव्हा बाकीचे त्याचं ऐकतात. मग दुसऱ्याची पाळी. ऑफिसात असं कुठे होतं?"

त्यांनी मात्र ऑफिसात तसं केलं. गावच्या तलावाचा एक भाग बुजवून तिथे चौपाटी आणि दुकानं करायची टूम निघाली होती. भाऊंनी सुनावणी लावली, तलावात मासे धरणाऱ्या ढिवर समाजाच्या एकेका घराला बोलावलं आणि दिवसभर ऐकत बसले. त्यांच्या अहवालाने काम थांबलं... आणि लगेच त्यांची बदली झाली. तरी रिटायर झाल्यावर ते याच गावात येऊन राहिले.

आता परवाचं. आमच्याकडे चिता पेटली की लोक घरी जात नाहीत. तिथेच बसतात, शाळेचे कुणीतरी गुरुजी माइक घेतात आणि शोकसभा होते. चांगली रीत आहे, माझी तक्रार रीतीबद्दल नाही.

भाऊंच्या मुलीने आधीच विचारलं होतं, बाबांचं आवडतं सॅक्सोफोन पाच मिनिटं लावू का? गुरुजी म्हणाले, "घाटावर इंग्रजी गाणं बरं दिसत नाही, बेटा." आणि माइकवर सांगून मोकळे झाले की साहेब भजनाचे शौकीन होते! भाऊंना मी उभ्या जन्मात भजन म्हणताना पाहिलं नाही.

मग आमच्या भागातले एक नेते उठले. नाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे. डोळे पुसत म्हणाले, भाऊंचं अपूर्ण स्वप्न आम्ही पूर्ण करू... तलावाच्या काठावर चौपाटी होईल आणि तिला विलासभाऊंचं नाव देऊ.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसाने ती चौपाटी अडवली, त्याचीच चिता जळत होती समोर!

घाटावर कुणी कुणाचं बोलणं खोडत नाही. नेत्यांना हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच जागा निवडली होती. आणि पुढच्या आठवड्यात ग्रामसभेत हाच विषय आहे.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. त्यांच्या कार्यकर्त्याने प्रेसनोट पाठवली होती... 'ग्रामस्थांनी घोषणेचे एकमुखाने स्वागत केले'. नेत्यांचं भाषण अजून चालूच होतं!

आणि मी काय केलं? काही नाही. मान खाली घालून बसलो. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

उठले ते मोतीरामकाका. सत्तरीचे ढिवर, त्या सुनावणीत सगळ्यात आधी बोललेले. गुरुजींनी माइक पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"मले भाषण येत नाही. साहेबानं आमचा तलाव वाचवला, अन् तुमी तोच तलाव त्याच्याच नावानं बुजवून राहिले. काहून? मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही म्हणून? मी हावो ना जिता. मी नाही म्हणतो."

मग काका गुरुजींकडे वळले, "अन् त्या पोरीले तिच्या बापाचं गाणं लावू द्या. तुमाले नसंल आयकाचं तं घरी जा."

तिने मोबाइलवर लावलं. बारीक आवाज, त्यात लाकडांचा तडतडाट... नेते पहिल्या मिनिटालाच गाडीत बसले. बाकी सगळे शेवटपर्यंत बसले. कळलं कुणालाच नाही, मलाही नाही, पण ऐकलं.

घरी येऊन मी बातमी लिहिली. घोषणाही लिहिली, मोतीरामकाका जे बोलले तेही शब्दशः लिहिलं. इतक्या वर्षांत एवढ्या काळजीने कुठली बातमी लिहिली नसेल.

काल पेपर आला. काकांचं नाव कुठेच नाही. प्रेसनोट जशीच्या तशी छापली आहे, एकमुखाने स्वागत वगैरे... आणि वर नाव माझं! पेपरच्या डेस्कला फोन केला तर म्हणे, अहो, शोकसभेच्या बातमीत वाद कशाला?

आता हेच कात्रण ग्रामसभेत फिरवतील. गावाने आधीच होकार दिला आहे, पेपरात आलं आहे, असं सांगतील.

म्हणून विनंती आहे. परवा घाटावर तुमच्यापैकी दीडेकशे जण तरी होतात. काय ऐकलंत ते खाली कमेंटमध्ये लिहा, स्वतःच्या नावानिशी. नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकू नका, हात जोडतो.

मोतीरामकाकांना मोबाइलवर लिहिता येत नाही. सकाळी त्यांच्या घरी जाऊन विचारून आलो, म्हणाले, "टाक बापू, माहं नाव पयलं टाक." ते पहिल्या कमेंटमध्ये टाकलं आहे.

त्याखाली माझं आहे. उशिरा टाकलं, हे मान्य.