सहा मालकिणींची ठेठरी

सहा बाया एका कढईभोवती बसल्या की किस्से फुकटात साठत जातात. बरण्या मात्र विकत आणाव्या लागतात!

आमची पांढुर्ण्याची सहकारी संस्था. पाच जणी छत्तीसगडच्या. संत्रा तोडायला आल्या आणि इथंच राहिल्या. सहावी मी, इथलीच. आम्ही त्यांच्या माहेरची ठेठरी बनवतो, म्हणजे बेसनाचे तळलेले, कुरकुरीत वेढे.

नोंदणीच्या वेळी साहेबांनी विचारलं, "मालिक कौन?" सहाही हात वर! "फिर नौकर कौन?" आमची सुकवारो म्हणाली, "वो भी हम!" साहेबांनी पेन खाली ठेवून पाणी मागवलं.

*

आमच्याकडे सगळं मतदानानं. एकदा चहात आलं घालायचं की नाही, यावर मतदान झालं. तीन-तीन! त्या दिवशी चहाच झाला नाही.

*

सौंसरचा एक दुकानदार म्हणाला, "ठेठरी कोनाले समजते? शेव लिहा, धडाक्यात विकते." सुकवारो पाकिटं परत पिशवीत भरायला लागली. "भाऊ, तुमाले कोनी वळखलं नाही तं नाव बदलून घेता का?" त्यानं पाकिटं ठेवून घेतली, ठेठरी म्हणूनच.

*

तीजेला, म्हणजे हरतालिकेला, पाचही जणींचा निर्जळी उपास, पाण्याचा थेंबही चालत नाही. नेमकी दुसऱ्या दिवशीच्या गणपतीसाठी सौंसरच्या एका मोठ्या घरची ऑर्डर आली. आमची पहिलीच मोठी ऑर्डर. ती जमली तर पुढची कामं मिळणार होती. तळायचं तीजेलाच. मग मीठ चाखणार कोण? मी! आम्ही बौद्ध, आमच्या घरी हा उपास नाही.

पहिल्या घाण्यातली एक ठेठरी उचलून मी अर्धी खाल्ली, तेवढ्यात त्या घरच्या बाई बघायला आल्या. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्या सुकवारोकडे वळल्या. "चाखायले दुसरी बाई नाही का वो तुमच्यात?"

मला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली, की माझ्यामुळे ऑर्डर जाते.

"हाय ना," सुकवारो म्हणाली. सकाळपासून तिच्या ओठाला पाणी लागलं नव्हतं. माझ्या हातातली उरलेली अर्धी ठेठरी तिनं घेतली, तोंडात टाकली, सावकाश चावून गिळली.

"मीठ बराबर हाय, बाई. पॅक करू का?"