मेजर काही ऐकेना

आबा गेले आणि त्यांचा तेरावा व्हायच्या आत मला त्यांच्या कुत्र्याची शिकवणी घ्यावी लागली.

कुत्र्याचं नाव मेजर. आबा, माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. उभी नोकरी मेजरसाहेबांचे हुकूम झेलल्यावर आपणही एकदा एखाद्या मेजरला हुकूम सोडावा, एवढी त्यांची साधी इच्छा. ती पुरी झाली नाही. मेजर कोणाचंच ऐकत नसे.

आमचं घर शिराळ्याच्या रस्त्याला. रस्त्यापलीकडे ओढ्यावरच्या मोरीचा कठडा आहे. आबा रोज संध्याकाळी त्यावर बसायचे आणि मेजर त्यांच्या पायाशी. आबा गेल्यावरही तो वेळेवर तिथं जाई, पण आता थेट डांबरावर बसून, ज्या वाटेनं आबांना नेलं तिकडं बघत राही. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, आणि त्यावर गाणी अशी, की ड्रायव्हरला स्वतःचा हॉर्न ऐकू येऊ नये.

आई म्हणाली, "त्येला हाक मारल्यावर याया शिकीव. त्यो बी गेला तर मला न्हाई सोसायचं."

आबा गेल्यापासून ती रडली नव्हती. मागितलं ते एवढंच.

मी सांगलीत दहावीचे क्लास घेतो. पेंगणाऱ्या पोरांचं लक्ष खेचणं हाच माझा धंदा. म्हटलं, त्यात काय अवघड आहे! मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातले सर सांगत होते, कुत्र्याला जगातली सगळ्यात मजेशीर गोष्ट तुम्ही वाटायला हवं. मी आरशात पाहिलं. डोकं तुळतुळीत, डोळे सुजलेले. मजेशीर म्हणायला हरकत नव्हती. मेजर मात्र माझं टक्कल बघून भुंकत मागं सरकला.

मग बिस्किटं आणली. पण घरी सुतक, आणि भावकी रोज दुखवट्याचा कडू घास घेऊन यायची. येणारा प्रत्येक जण "आबांचा लाडका हुता" म्हणत मेजरलाही पिठलं-भाकरी घाली. माझ्या बिस्किटाकडे तो पाहायचा, पण मधल्या सुट्टीनंतर पोरं फळ्याकडे पाहतात तसा.

"आई, त्याला थोडा उपाशी ठेवूया."

"मुक्या जिवाला उपाशी ठीवून हुकूम सोडतोस? पलटण हाय व्हय ही?" असं म्हणून तिनं त्याला आणखी एक भाकरी कुस्करून घातली.

शेवटी मी शेजारच्या वस्तीवर गुपचूप एक अंडं उकडून घेतलं. (सुतकात! पण विद्यार्थ्यासाठी गुरुजींना काय काय करावं लागतं.) सोलून, कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकलं आणि दारात आलो, तोच कवठे महांकाळहून मामा उतरले. "दाजी गेलं रं!" म्हणत त्यांनी मला छातीशी कवटाळलं. माणूस पैलवानी. खिशातलं अंडं आम्हा दोघांच्या दुःखात चेंगरलं.

आणि मेजर धावत आला. हाक न मारता. तो मामांच्या छातीवर पाय ठेवून उभा राहिला आणि त्यांचा पांढरा सदरा चाटायला लागला.

मामांनी वास घेतला. "सुतकात अंडी खातूस?"

"मामा, कुत्र्यासाठी आहे."

"मग कुत्र्याला सुतक न्हाई व्हय?"

मामा पाणीही न पिता ओट्यावर जाऊन बसले. मी मान खाली घालून शर्ट बदलायला गेलो.

त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर आला. मेजर रस्त्याच्या मधोमध. मी या बाजूनं ओरडतोय, "मेजर, ये! मेजर, कम!" टाळ्या वाजवल्या, उड्या मारल्या, बिस्किटाचा पुडा फाडून हवेत हलवला. तो ढिम्म. ट्रॅक्टर वळणावर आला आणि मागून, दारातून, आईचा आवाज आला.

"आवं, चला की जेवाय! गार व्हतंय."

मेजर उठला. अंग झटकलं आणि शेपूट हलवत सरळ घराकडे आला. त्याच्यामागून ट्रॅक्टर गाणी वाजवत निघून गेला.

आईनं जन्मात कधी आबांचं नाव घेतलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती दारातून एवढंच म्हणायची. मग आबा उठायचे, त्यांच्याबरोबर हा. आम्हाला वाटायचं, कुत्रा आबांच्या मागं येतो. तो आईच्या हाकेला येत होता. आणि आबा गेल्यापासून ती हाक कुणी मारलीच नव्हती, कारण मारायची कुणाला?

आई उंबऱ्यावर बसली. मेजरच्या मानेला मिठी मारून ती पहिल्यांदा रडली. मामा ओट्यावरून उतरले आणि तिच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आले. मीही रडलो. हातात बिस्किटाचा पुडा तसाच होता.

अजूनही रोज तिन्हीसांजेला आई मोकळ्या कठड्याकडे बघून म्हणते, "आवं, चला जेवाय." मेजर येतो. त्याचं ताट आधी वाढलं जातं. मी सुट्टीला गेलो की मग मला हाक येते, "ए येड्या, तू बी ये."

आणि मी, कोणी न शिकवता, पहिल्या हाकेला जातो.