गाणं जिथं संपायचं

काल शिरीषच्या हॉलमध्ये आम्ही तिघं मित्र पन्नाशीच्या ढेऱ्या सावरत बसलो होतो. कॉलेजात ज्या जुन्या हेवी मेटल अल्बमवर आम्ही जीव टाकला, त्याची खरी रेकॉर्ड शिरीषनं आता कुठं मिळवली होती. तेव्हा आमच्याकडे होती फक्त कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली कॉपी. तिच्यातलं शेवटचं गाणं किंचाळीच्या ऐन मधेच तुटायचं. "मरण असंच येतं रे, अर्ध्यावर," मकरंद सांगायचा. त्या शेवटापायी तो किती जणांशी भांडला!

काल ती जागा आली आणि गाणं पुढे चालूच राहिलं. किंचाळी विरली, ड्रम थांबले, एक गिटार हळुवार वाजू लागली. मी हबकलोच. म्हणजे तेव्हा संपली होती ती कॅसेटची टेप! आणखी कशाकशाला आपण असंच शेवट समजून बसलो असू?

मकरंद उठला. सुई मागे नेऊन त्यानं ती किंचाळी पुन्हा लावली आणि बरोबर मधेच सुई उचलली.

"इथं. गाणं इथं संपतं."

आणि काय सांगू, आम्हा दोघांनाही एकदम हायसं वाटलं.