रिकामं टिपाड

लातूरला नेमकं काय काम करतेस, असं कुणी विचारलं की मनस्विनी सांगायची, "युरोपसाठी झडत्या घेते." नांदेडला तिच्या वडिलांना, म्हणजे निवृत्त गुरुजींना, हे वाक्य फार आवडायचं. शेजाऱ्यांना सांगताना ते त्यात आणखी मीठमसाला घालत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, पोरगी फौजदार झाली की काय! खरं काम साधं होतं. एमआयडीसीत कापडावर छापायचे रंग बनवणारा एक कारखाना होता, त्याचा बराच माल जर्मनीला जाई. तिकडचं गिऱ्हाईक दरवर्षी विचारी, तुमच्या गोदामात कोणती रसायनं आहेत, किती आहेत, माणसाला त्यांचा काय अपाय होतो? युरोपात 'रीच' नावाचा कायदा आहे. त्यातली घातक रसायनांची यादी वाढली की मनस्विनीने गोदामातलं प्रत्येक पिंप तिच्याशी ताडून बघायचं आणि जर्मनीला कळवायचं.

तिला या कामाचा कंटाळा नव्हता. सवाष्ण जेवायला घालायची असली की बाई तांदळात खडा राहू देत नाही, तशी तिची नजर होती. एखाद्या पिंपाचं लेबल फाटलेलं दिसलं की तिला जेवण जात नसे. हमाल मागून हसत, पण पिंप ठेवताना लेबल मात्र पुढेच करून ठेवत.

गोदामाचा सगळा कारभार हनुमंतकडे. तो वयाने तिच्या वडिलांच्या जवळपासचा. तोंडाने 'मॅडम' म्हणायचा आणि डोळ्याने लेक मानायचा. मनस्विनी खोलीवर एकटी राहते, पोळ्या कच्च्या करते, हे त्याने पहिल्याच महिन्यात ओळखलं. तेव्हापासून त्याच्या डब्यात पारूबाई, म्हणजे त्याची बायको, ज्वारीची एक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी जास्तीची बांधू लागली. "आमची कारभारीन म्हनती, पोरगी वाळून चाललीय," असं सांगून तो ती पुडी तिच्या टेबलावर ठेवायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला तो एकदा टेबलापाशी घुटमळला. "मॅडम, एक निळं टिपाड मिळंल का? लेक राजकन्या बाळंतपनाला आलीय. टँकर येतो आठवड्यातनं एकडाव. घरात पानी धरायला भांडं न्हाई, अन् पोटुशी पोरगी, तिला कसं हापशावर धाडावं?"

लातूरकडच्या माणसाला रिकामं निळं पिंप म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लोक लेकीच्या संसाराला देतात, त्याला हळदकुंकू लावतात. मनस्विनीने क्षणाचाही विचार न करता गेटपासवर सही केली. वर सांगितलं, "चांगलं धुवून घ्या बरं." हनुमंतने ते साबणाने धुतलं, कडुलिंबाचा पाला घालून उकळत्या पाण्याने धुतलं आणि नव्या नवरीसारखं मिरवत घरी नेलं.

तिच्या संगणकावर त्या पिंपापुढे शून्य लागलं. पिंप रिकामं झालं म्हणजे साठा संपला, आणि संपलेल्या साठ्याचं युरोप काही विचारत नाही. इतकी चोखंदळ पोरगी, पण त्या शून्यापाशी तिची नजर थांबली नाही.

पुढे जर्मनीहून मेल आला. नेहमीचेच प्रश्न होते, एक तेवढा नवा: रिकामी पिंपं कुठे जातात? 'भंगारवाल्याकडे' असं लिहायला तिने बोटं उचलली आणि हनुमंतचं टिपाड आठवलं. त्यात पूर्वी काय होतं, ते तिने काढून बघितलं. एनएमपी. रंग विरघळवणारा, पाण्यासारखा दिसणारा द्रव. त्याच्या माहितीपत्रातली ओळ तिला तोंडपाठ होती, कारण दरवर्षी तीच ती जर्मनीला कळवत होती: गर्भातल्या बाळाला अपाय होऊ शकतो.

हनुमंत त्या दिवशी रजेवर होता, टँकर यायचा होता ना! तिने स्कूटी काढली आणि भर उन्हात हरंगुळच्या बाजूची त्याची वस्ती गाठली.

मॅडम घरी आली म्हणून पारूबाईला काय करू अन् काय नको झालं. तिने सतरंजी टाकली, आतून तांब्या आणला, टिपाडातून भरला, पेला पुढे केला. "उन्हाचं आलाव. आदी पानी घ्या."

दारात ते निळं टिपाड काठोकाठ भरलेलं होतं. तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं, अंगावर हळदकुंकवाची बोटं. शेजारी लिंबाखाली राजकन्या भरल्या पोटावर हात ठेवून बसली होती.

"नको," मनस्विनी म्हणाली.

"घोटभर तरी."

"नको, मावशी."

पारूबाईचा चेहरा उतरला. "आमची भाकर चालती, अन् पानी चालत न्हाई व्हय?"

मनस्विनीला रडू फुटलं. तिने जे होतं ते सांगितलं. मग उठून फडकं सोडलं आणि टिपाडाला खांदा लावला. ते हलेना. हनुमंत पुढे आला आणि दोघांनी मिळून ते आडवं केलं. आठवड्याचं पाणी अंगणातून वाहत गल्लीत गेलं. आयाबाया धावल्या. "अगं बया, टँकरचं पानी वतायलाव! याड लागलं का?"

राजकन्येने फक्त एवढंच विचारलं, "ताई, माझ्या लेकराला काय हुईल?"

हनुमंतने रिकामं टिपाड उचलून भिंतीला उलटं टेकवलं. मग हळूच म्हणाला, "तुमी सही केल्ती, म्हून आनलं व्हतं." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी ती राजकन्येला लातूरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. सोनोग्राफी झाली. बाळाची वाढ चांगली होती. "पिंप इतकं धुतलंय, तर उरलेला अंश थोडाच असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण बाळ हातात येईपर्यंत मी शब्द देणार नाही." म्हणजे पुढचे महिने सगळ्यांचाच जीव टांगणीला.

जर्मनीला तिने खरं ते लिहिलं: एक पिंप माझ्या सहीने घरगुती वापरासाठी गेलं, चूक माझी. मालक भडकले, चार शब्द बोलले, पण शेवटी नियम झाला. पिंप रिकामं झालं की आधी त्याला भोक पाडायचं आणि नंतर घातक कचऱ्याच्या गाडीत घालायचं. भोक पाडायचं काम हनुमंतकडेच आलं. "चांगल्या भांड्याला सब्बल घालायला हात होत न्हाई, मॅडम," तो म्हणायचा, आणि घालायचा.

त्यांच्या घरी मनस्विनीने मातीचा मोठा रांजण नेऊन दिला. दर रविवारी ती राजकन्येला बघायला जाई. पारूबाई तिच्याशी नीट बोले, सतरंजी टाके, पण तांब्या आणत नसे. कोपऱ्यावरच्या दुकानातून सीलबंद बाटली आणून पुढे ठेवी. मनस्विनीला ते फार लागे. तरी तोंड वर करून काही बोलायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटे आणि ती मुकाट्याने बाटलीतलं पाणी पिई. भाकरीची पुडीही टेबलावर येईनाशी झाली होती. ती कुणी थांबवली, हे तिने कधी विचारलं नाही.

आषाढात राजकन्येला मुलगी झाली. रडली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यापर्यंत आवाज आला. डॉक्टरीणबाईंनी उलटसुलट तपासलं आणि "ठणठणीत आहे" म्हणाल्या. हनुमंतने भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

बारशाला मनस्विनी झबलं-टोपडं घेऊन गेली. राजकन्येने लेक तिच्या मांडीवर दिली. मनस्विनीने कुणाचं लक्ष नाही असं बघून बाळाची बोटं, कान, टाचा, सगळं पुन्हा एकदा तपासलं. सवयच तशी! बाळाने तिची करंगळी घट्ट धरली.

तेवढ्यात पारूबाई बाटली घेऊन आली. "घ्या मॅडम. ह्यांनी सकाळीच आनून ठिवलीय, तुमच्यासाठी."

मनस्विनीने बाळ राजकन्येकडे दिलं. बाटली न उघडता खाली ठेवली आणि उठून रांजणापाशी गेली. झाकण काढलं, पेला बुडवला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्याली. पाणी गार होतं, त्याला ओल्या मातीचा वास होता.

"मावशी," ती म्हणाली, "आणखी द्या."

पारूबाईने बाटली पायाने बाजूला सारली. मग तिने पदर तोंडाला लावला, मनस्विनीच्या हातातला पेला घेतला आणि स्वतः भरून दिला. "बसा," ती म्हणाली, "भाकर टाकते. लई वाळलाव तुमी."