सव्वापाचला पळणाऱ्या दोघी

आई गेली आणि डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत बोलायला कुणी उरलं नाही. मी चाळिशीची, बिनलग्नाची, सकाळच्या शाळेत मास्तरीण. दुपारी एकला घरी आलं की दुसऱ्या दिवशी वर्गात शिरेपर्यंत तोंड उघडायचं कारणच नसायचं. वेड लागायची पाळी आलेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, पिठाच्या गिरणीशेजारी नवाच सायबर कॅफे निघालेला. लोक तिथे मेल करायला यायचे. मी चॅटिंगला जायचे.

मराठी लोकांच्या चॅटरूममध्ये ती भेटली. म्हणाली, न्यू जर्सीत असते, नवरा इंजिनिअर, मुलगा पहिलीत. पहाटे घर झोपलेलं असताना गप्पा मारते. मी म्हटलं, मी पुण्याची, बंगला आहे, मिस्टर बँकेत, दोन मुली. थापच मारायची तर कंजुषी कशाला!

बाकी मात्र सगळं खरं बोलायचो. भाजी खारट झाली, गुडघा दुखतोय, आज आईची फार आठवण आली. ती लिहायची, "जेवलीस का गं?" असं मला दुसरं कुणीच विचारत नव्हतं.

सव्वापाच वाजले की ती म्हणायची, "चल, मुलाला उठवते." मीही म्हणायचे, "मुली आल्या गं क्लासवरून." आणि धावत घर गाठायचे. आमच्याकडे साडेपाचला पाणी यायचं, जेमतेम अर्धा तास. चुकलं की दुसऱ्या दिवशी बोंब.

एकदा गप्पांत उशीर झाला. तिने घाईघाईत लिहिलं, "अगं बाई, पाणी जाईल! पळते."

न्यू जर्सीत पाणी जातं? तेही आमच्याच वेळेला? म्हणजे ही बया इथलीच, कदाचित आमच्याच गल्लीतली! असा संताप आला म्हणून सांगू! सहा महिने मला शेंडी लावली म्हणत मी घरी बादल्या आपटल्या. माझा बंगला आणि दोन मुली तेव्हा मला आठवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती आल्या आल्या विचारलं, "काय गं, अमेरिकेत पण नळाला ठरल्या वेळेलाच पाणी येतं वाटतं?"

 उत्तराची एकच ओळ आली, "तू पण रोज सव्वापाचलाच पळतेस की. मी कधी विचारलं?"

माझे कान तापले. काही न लिहिता उठले आणि निघाले. लाजेने आठ दिवस तिकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी गेले तर तिचं नाव नव्हतं. पुढे महिनाभर रोज सव्वापाचपर्यंत बसायचे, ती आली नाही.

मग घरी येऊन नळ सोडायचे. समोरच्या, मागच्या, सगळ्या बिल्डिंगींतून बादल्या भरल्याचा आवाज यायचा. त्यातली एक तिची असणार. मला एवढंच लिहायचं होतं, "हो गं, मी पण इथलीच. पाणी भरून झालं की ये ना घरी."