‘भूर’ म्हणजे थंडी नव्हे

माझी मुलगी उशिरा बोलली, हे आज मी ताठ मानेनं सांगते. तेव्हा मात्र कुणी विचारलं तरी माझा पारा चढायचा.

ती अडीच वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इंग्लंडमध्ये, रीडिंग गावी आलो. नवरा सॉफ्टवेअरच्या कामावर, आणि भाड्याच्या घरात दिवसभर मी नि ती. महिन्याभरात हेल्थ व्हिजिटर आल्या. म्हणजे मुलांची वाढ तपासायला घरी येणारी नर्स. इथे प्रत्येक मुलाचं एक लाल पुस्तक असतं, ते त्यांनी उघडलं. मान कधी धरली, बसली कधी, रांगली कधी, सगळं आठवड्यांत हवं होतं. मला आठवडे कुठले माहीत? मला सण माहीत होते. दसऱ्याला मान धरली, संक्रांतीला लोडाशिवाय बसली, पाडव्याला रांगत जाऊन गुढीची साखरगाठी चाटून आली, गणपतीत चालायला लागली. बाई पेन धरून थांबल्या होत्या आणि मी बोटांवर सणांचे आठवडे करत होते.

मग आलं बोलणं. किती शब्द येतात? दोन शब्द जोडते का? नेमकी त्याच वेळी मुलगी माझा कुर्ता ओढत म्हणाली, “आई, भूर.”

“ओह, ब्लेस हर!” बाई कळवळल्या. “थंडी वाजतेय तिला!”

‘ब्रर्र’ ऐकलं होतं त्यांनी. मी तोंड उघडेपर्यंत मुलगी पळत जाऊन आपला कोटही घेऊन आली. झालं, बाईंची खात्रीच पटली. त्यांनी स्वतः उठून हीटर वाढवला. आमच्याकडे लहान मूल ‘भूर’ म्हणतं ते फिरायला जायचं असतं म्हणून, हे सांगायला मी मनात इंग्लिश जुळवत बसले. ते जुळेपर्यंत पुस्तकात लिहून झालं होतं: दोन शब्द जोडत नाही. जाताना त्यांनी प्रेमानंच सुचवलं, दोन भाषांनी मूल गोंधळतं, घरी फक्त इंग्लिश बोला.

संध्याकाळी नवरा म्हणाला, “अगं, त्या एक्स्पर्ट आहेत. वर्षभर इंग्लिश बोलू, मग बघू.”

“आणि फोनवर आजीशी काय बोलेल ती? वेदर?” मी तडकले.

तडकले खरी, पण आतून टरकले होते. मुलगी खरंच मागे पडली, तर दोष माझ्या हट्टाचा. तो मी कुणावर ढकलणार होते? चार दिवस इंग्लिश बोलून पाहिलंसुद्धा. पाचव्या दिवशी “ईट युवर डिनर” म्हणाले, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर मी परत तसलं काही केलं नाही.

नर्सरीत ती सहा महिने मुकी राहिली. टीचर दारात रोज ‘नाही’ म्हणून मान हलवायच्या. परत येताना मी रस्ताभर मराठीत बडबडायची: हे बदक, ही बस, हा कुणाचा तरी कुत्रा. बघणाऱ्यांना वाटत असेल, बाईला वेड लागलंय. मग एका दुपारी टीचर हसत बाहेर आल्या. एका पोरानं हिच्या खुंटीवर आपला कोट टांगला आणि ही कडाडली, “दॅट्स माय पेग!” पहिलं वाक्य, आणि तेही भांडणाचं! माझीच लेक ती. मी फुटपाथवर उभी राहून रडले. घरी येऊन तिनं तेच मला मराठीत ऐकवलं: “तो माझा खुंटी आहे.”

तेव्हापासून मी तिच्या शब्दांच्या लिंगांमागे लागले. माझा चप्पल, मोठी डोंगर, आजी आला. फोनकार्डाची मिनिटं संपत आलेली असायची आणि मी मागून ओरडायची, “आली! आजी आली!” पलीकडे आजी हसायची, “अगं, बोलू दे तिला.” पण मी सोडलं नाही. सातव्या वर्षी पुढचे दात पडले तेव्हाही, ‘माझी दात’ नाही, ‘माझे दात’. नवव्या वर्षी ती माझं इंग्लिश सुधारायला लागली, तेव्हा कुठे मला कळलं की सारखं सुधारून घेणं किती झोंबतं. तरी माझी सवय गेली नाही.

अकराव्या वर्षी ती टाय लावून एकटी बसनं मोठ्या शाळेत जायला लागली. पहिल्याच आठवड्यात एकदा मी घ्यायला गेले, तर म्हणाली, “आई, गेटपाशी मराठी नको ना, प्लीज.” मी “बरं” म्हटलं आणि घरी येऊन उगाच भांडी आपटली. इतकी वर्षं रेटलेलं एका वाक्यात गेलं, असं वाटलं.

तिला तेरावं लागलं त्या ऑक्टोबरमध्ये शेजारी नागपूरचं एक जोडपं राहायला आलं. त्यांची लेक दोन वर्षांची, फारसं न बोलणारी. हेल्थ व्हिजिटर येणार म्हणून आई घाबरलेली. “ताई, तुम्ही बसाल का सोबत?” शाळेला सुट्टी होती, म्हणून माझी मुलगीही आली.

बाई नव्या होत्या, पुस्तक तेच लाल. छोटीनं ग्लासाकडे हात करून म्हटलं, “आई, मम्म.” बाई खूश होऊन लिहायला लागल्या, “शी सेड मम!” माझं इंग्लिश आता बरं होतं, पण मी पुन्हा मनात वाक्य जुळवत बसले.

“सॉरी, नो,” माझी मुलगी म्हणाली. अगदी शांत. “मम्म म्हणजे वॉटर. ‘आई’ म्हणजे मम. तिनं दोन्ही म्हटलं. दॅट्स टू वर्ड्स टुगेदर. तुम्ही प्लीज तसं लिहाल का?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आधीचं खोडलं आणि विचारून विचारून नीट लिहिलं. माझी लेक मान वाकडी करून स्पेलिंग तपासत होती.

मग ती छोटीच्या आईकडे वळली आणि भर खोलीत, बाईंच्या देखत, मराठीत म्हणाली, “काकू, तुम्ही घाबरू नका. ती बोलतो.”

दहा वर्षांत पहिल्यांदाच मी तिचं वाक्य सुधारलं नाही.