केदारखेड्यातला फुगलेला सी ड्राइव्ह

गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी संध्याकाळी, ऐन दूध घालायच्या वेळेला, केदारखेडा येथील आमच्या घरचं दूध संकलन केंद्र बंद पडलं. कारण : सर्व्हरचा सी ड्राइव्ह काठोकाठ भरला. जीवितहानी नाही. घटनास्थळी मी हजर होतो आणि माझ्या हजेरीमुळे परिस्थिती आणखी बिघडली, याला चार प्रत्यक्षदर्शींनी दुजोरा दिला आहे. त्यातले तिघे घरचेच!

केंद्र माझे थोरले बंधू, म्हणजे दादा चालवतात. दुधातलं फॅट मोजायचं, त्यावर भाव लावायचा आणि पावती छापायची, ही सगळी कामं एका संगणकावर होतात. शेजारच्या दोन वस्त्यांवरची यंत्रंही त्यालाच जोडलेली असल्यामुळे त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. (घरात त्याच्यासाठी स्वतंत्र पंखा आहे. वडिलांसाठी नाही.) रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, आमचा चुलतभाऊ सोपान याचं केंद्र. त्याच्याकडे सावलीला जाळी, थंड पाण्याचा जार आणि आमच्याविषयी आपुलकी आहे. यांपैकी शेवटच्या गोष्टीची दादांना सर्वांत जास्त भीती वाटते.

मी जालन्याला एका दैनिकात उपसंपादक आहे. दिवसभर संगणकासमोर बसतो, म्हणजे मला संगणकातलं कळतं, असा घरात समज आहे. तो मी कधी खोडून काढलेला नाही.

“संपादक, बघ बरं जरा. लाल पट्टी दाखवून राह्यलाय,” दादा म्हणाले.

बाहेर कॅन घेऊन वीसेक माणसं उभी. उन्हाचा तडाखा असा, की दूध तासभर जास्त थांबलं तर नासणार.

मी चौकशी सुरू केली. पहिला संशयित लगेच हाती लागला : वहिनींच्या भावाच्या लग्नाचा व्हिडिओ.

“हे काढून टाकू,” मी म्हणालो.

“भाऊजी, हात तर लावून बघा!” वहिनी दारातूनच कडाडल्या. “माझ्या माहेरचंच दिसलं का तुम्हाला? यांच्या बैलांच्या शर्यती बघा की. दोनशे हायेत!”

“शर्यती कामाच्या हायेत,” दादा म्हणाले.

“कोनत्या कामाच्या? घरात एक बैल न्हाई!”

तोडगा म्हणून दोन्ही बाजूंचं सारखंच काढायचं ठरलं. लग्न गेलं, शर्यती गेल्या. लाल पट्टी जराशी मागे सरकली. तेवढ्यात खाटेवरून वडिलांचा, म्हणजे अण्णांचा आवाज आला. “कचऱ्याच्या डब्यातलं काढू नको रे सुऱ्या. तिथं कोनी हात लावीत न्हाई, म्हनून सातबारा मी तिथंच ठुलाय.”

संगणकातला तो डबा मी दोन मिनिटांपूर्वीच रिकामा केला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. (सातबारा पुन्हा काढता येतो. वडील येत नाहीत.)

आता मूळ कारण शोधायचं. पण वृत्तपत्रात आम्हाला एक शिस्त असते : मजकुराला कात्री लावण्याआधी मूळ प्रत सुरक्षित ठेवायची. माझा पेनड्राइव्ह जालन्याला राहिलेला. म्हणून मी ‘डेअरी’ नावाचं अख्खं फोल्डर उचललं आणि डेस्कटॉपवर त्याची प्रत करायला लावली. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, ही माहिती मला नंतर मिळाली.

पट्टी पूर्ण लाल झाली. मग माउसचा बाण थांबला. मग वस्तीवरच्या यंत्रावर बसणाऱ्याचा फोन आला : “दादा, हितलं पन बंद पडलं!”

“काय केलंस?” दादांनी विचारलं.

“सुरक्षित ठेवलं.”

“लईच सुरक्षित ठेवलंस. आता कोनालाच मिळंना!”

बाहेर रांगेत चुळबुळ सुरू झाली. सर्वांत पुढे असलेल्या गयाबाईंनी कॅन उचलला. “मालक, दूध हाय ते. त्याला कम्प्यूटर कळत न्हाई.”

“काकू, दोनच मिनिटं!”

“मघापून दोनच मिनिटं चालू हायेत. आम्ही चाललो समोर.”

त्या समोर गेल्या. त्यांच्यामागे रांग गेली. सोपानने जाळीखालून हात हलवला आणि ओरडला, “दादा, काही मदत लागली तर जल्दी सांगा!” दादांनी उत्तर दिलं. उत्तर छापण्यासारखं नव्हतं.

सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. माझी अर्धवट प्रत पुसली. मग कोणतं फोल्डर किती जागा खातं, ते एकेक उघडून पाहायला लागलो. सगळी जागा ‘डेअरी’नेच खाल्ली होती. आत डेअरीचा हिशेब, तो मूठभर. आणि ‘नवीन फोल्डर’. त्याच्या आत पुन्हा हिशेब आणि आणखी एक ‘नवीन फोल्डर’. त्याच्या आत आणखी एक! मी उघडत गेलो. तळ लागेना.

“हे कोणी केलं?”

“मी,” दादा म्हणाले.

“मी पण,” वहिनी म्हणाल्या.

“आन् मी,” खाटेवरून आवाज आला.

उलगडा असा झाला. सॉफ्टवेअर बसवणारा सांगून गेला होता, की दर हप्त्याला दुधाचे पैसे वाटले की बॅकअप घेत जा, नाही तर सगळं जाईल. आमच्या घरात फाटकाचं कुलूप रोज रात्री तिघे जण आळीपाळीने ओढून बघतात, कारण आधीच्याने नीट ओढलं असेल यावर कोणाचाच विश्वास नाही. बॅकअपचंही तेच. दादा ‘डेअरी’मधल्या सगळ्याची प्रत तिथेच नवीन फोल्डरमध्ये ठेवत. वहिनी दादांच्या बॅकअपसकट सगळं उचलून दुसऱ्यात ठेवत. अण्णा त्या दोघांच्या सकट तिसऱ्यात. पुढच्या हप्त्याला दादा या तिन्हींसकट! दर वेळी ऐवज दुप्पट.

“वेळ लागतोय, हे कधी जाणवलं नाही?” मी विचारलं.

“मागच्या हप्त्याला रातभर चाललं,” दादा म्हणाले. “मला वाटलं, बिलकुल मजबूत होऊन राह्यलाय.”

एक हिशेब ठेवून बाकी सगळं मी पुसलं. लाल पट्टी निळी झाली. वस्तीवरची यंत्रं जागी झाली. पावतीचं यंत्र एक कोरी पावती ओकून तयार राहिलं. दादा उत्साहाने बाहेर गेले आणि रिकामा ओटा बघून आत आले.

“अण्णा कुठं गेले?” वहिनींनी विचारलं.

खाट रिकामी होती. गोठ्यातली आमच्या म्हशीच्या दुधाची किटलीही नव्हती. तेवढ्यात समोरून सोपानचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा : “अण्णा, सात पॉइंट दोन फॅट!”

दादा खाली बसले. आमच्या यंत्रावर त्याच म्हशीचं दूध कधी सहाच्या वर गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं केंद्र वेळेवर सुरू झालं. सर्व्हर व्यवस्थित चालत होता. अण्णा सोपानच्या रांगेत होते. त्यांच्यामागे, दुसरी किटली घेऊन, मी.